पायऱ्या बुजल्या, नारू गेला

(संत गाडगेबाबांच्या स्मृतिदिनानिमित्त नवीन पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या सभागृहात जे चाळिशीच्या आत आहेत, त्यांच्यापैकी कोणी नारू पाहिलेला नसणार. साठीपुढच्या मंडळींपैकी ज्यांचं मूळ गाव मराठवाड्यात किंवा घाटावरच्या दुष्काळी पट्ट्यात आहे, त्यांना मात्र हे नाव ऐकताच आजी-आजोबांच्या घोट्यावरचा एखादा व्रण आठवेल. नवीन पनवेल ही अशाच माणसांची वस्ती आहे. सिडकोने सेक्टर आखले आणि सातारा, सांगली, बीड, लातूर, जळगाव अशा सगळ्या बाजूंची कुटुंबं इथे येऊन राहिली. त्यांच्या मागच्या पिढ्या कोणत्या विहिरीचं पाणी प्यायच्या, ते पाणी कसं भरायच्या आणि त्यापायी काय सोसायच्या, हे आज मला सांगायचं आहे.

२० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबा गेले. त्यांच्या स्मृतिदिनी स्वच्छतेवर बोलायचं म्हटलं की हातातला खराटा आणि रात्रीचं कीर्तन डोळ्यांपुढे येतं. बाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री माणसांच्या डोक्यातला कचरा काढायचे. नारूच्या बाबतीत या दुसऱ्या कामाचीच जास्त गरज होती. तो पसरायचा दिसायला नितळ असलेल्या पाण्यातून, रोज झाडलेल्या गावातूनही.

आधी रोग काय होता ते सांगतो. माणसाच्या पायावर, बहुतेक घोट्याजवळ किंवा पावलावर, एक फोड येतो. आत निखारा ठेवल्यासारखी आग होते. फोड फुटतो आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं काही तरी डोकावतं. ती नारूची मादी. हातभर, कधी दोन हात लांब. तिला ओढून काढता येत नाही. ओढली तर तुटते, आणि तुटली की आतला भाग कुजून पाय सुजतो, पू होतो, सांधा धरतो, कधी धनुर्वात होऊन माणूस जातो. म्हणून एका काडीला तिचं टोक गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं, बोटभर, गुंडाळत न्यायचं. हे काम कित्येक आठवडे चालायचं. आयुर्वेदाच्या ग्रंथांत स्नायुक या नावाने हा रोग आहे आणि इजिप्तच्या ममीतही चुन्यासारखा कडक झालेला नारू सापडला आहे. इतक्या हजार वर्षांत उपचार तोच राहिला, काडी आणि धीर. आजही नारूवर औषध नाही. लस नाही. एकदा नारू झाला म्हणून पुन्हा होणार नाही असंही नाही. एकाच माणसाला दरवर्षी व्हायचा, आणि एका वेळी दोन-तीन ठिकाणांहून निघायचा.

मी शासनाच्या आरोग्य खात्यात नोकरीला होतो आणि त्यातली काही वर्षं मराठवाड्यात गेली. तिथे रुग्णाशी बोलताना मृत्यूची भीती क्वचित ऐकू यायची. ऐकू यायची ती पेरणीची काळजी. "डॉक्टरसाहेब, मिरगाच्या आत पाय धरंल का?" हा प्रश्न. कारण नारू निघायचा तो नेमका उन्हाळ्याच्या शेवटी. औत धरायच्या वेळी कर्ता माणूस बाजेवर. दोन-दोन महिने उभं राहता येत नसे. एका घरात दोघातिघांना एकदम झालं की रान पडीक. सरकारी कागदावर या रोगाने मेलेले फार थोडे दिसतात, पण त्याने बसवलेली घरं मोजायला कागदावर रकानाच नव्हता.

तो उन्हाळ्याच्या शेवटीच का निघायचा? इथे या किड्याचं सगळं गुपित आहे.

१८७० च्या सुमारास अलेक्सेई फेदचेंको या तरुण रशियन संशोधकाने समरकंदला नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या शरीरात शिरताना पाहिल्या. सायक्लॉप्स म्हणजे पाण्यातला एक अगदी बारीक कवचधारी जीव, मिलिमीटरभराचा. उजेडात पेला धरला तर झटके देत हलणारा पांढरा ठिपका दिसतो. नारूची मादी माणसाच्या पायातून तोंड बाहेर काढते, त्या पायाची आग होते, माणूस पाय पाण्यात बुडवतो. थंड पाणी लागताक्षणी मादी लाखो अळ्या सोडते. त्या अळ्यांना दोन-तीन दिवसांत सायक्लॉप्सने गिळलं नाही तर त्या मरतात. गिळलं, तर दोन आठवड्यांत त्या सायक्लॉप्सच्या आत वाढून तयार होतात. मग कोणी तरी ते पाणी पितो. पुढचा भाग रॉबर्ट लायपर या ब्रिटिश डॉक्टरने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दाखवून दिला. जठराच्या आम्लाने सायक्लॉप्स मरतो, अळी सुटी होते, आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरते. नर-मादीचा संयोग होतो, नर मरतो आणि मादी कातडीखालून हळूहळू पायाकडे सरकत जाते. पाणी प्यायल्यापासून फोड येईपर्यंत साधारण एक वर्ष जातं.

हे एक वर्ष फार महत्त्वाचं. आपल्या दख्खनमध्ये पावसाळ्यात विहिरी भरलेल्या असतात, सायक्लॉप्स विखुरलेले असतात. एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागतो. उरलेल्या थोड्या पाण्यात सायक्लॉप्स दाटीने असतात आणि त्या थोड्या पाण्यापर्यंत पोचायला माणसाला अगदी खालच्या पायरीवर, घोटाभर पाण्यात उभं राहावं लागतं. १९३० च्या दशकात लिंडबर्ग नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी दख्खनच्या पायऱ्यांच्या विहिरींत कोणत्या महिन्यात किती सायक्लॉप्स असतात याचा अभ्यास केला होता, तो यासाठीच. या उन्हाळ्यात प्यायलेला नारू पुढच्या उन्हाळ्यात निघणार, म्हणजे पुन्हा नेमका त्याच वेळी, जेव्हा पाणी तळाला आहे आणि पाय पाण्यात पडणार आहेत. किड्याने आपलं वर्ष आपल्या टंचाईशी जुळवून घेतलं होतं.

आता बारव डोळ्यांपुढे आणा. मराठवाड्यातली चिरेबंदी बारव ही आपल्या पूर्वजांच्या स्थापत्याची मोठी ठेव आहे, यात मला शंका नाही. दगडी पायऱ्या, कोनाडे, कोनाड्यात देव, खाली गारवा. अलीकडे तरुण मुलं या बारवा उपसून, झाडंझुडपं काढून स्वच्छ करताहेत, तिथे दिवे लावताहेत. त्यांचं मी मनापासून कौतुक करतो. पण एक गोष्ट त्या मुलांनाही सांगितली पाहिजे. आडात पोहरा सोडून पाणी शेंदलं तर सायक्लॉप्स पोहऱ्यात येईल, पण त्या सायक्लॉप्समध्ये नारू नसेल, कारण आडात कोणी पाय बुडवलेला नाही. बारवेत मात्र ज्या पायरीवर उभं राहून बाई कळशी बुडवते, त्याच पाण्यात तिचा पाय असतो. नारूला जगायला दुसरं काही लागत नव्हतं. माणसाचा पाय आणि माणसाचं तोंड एकाच पाण्यात आलं की त्याचं वर्तुळ पुरं होई.

म्हणून उपाय सांगायला सोपा होता. पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, वर रहाट बसवा. किंवा पाणी गाळून प्या. किंवा नारू निघालेल्या माणसाला पाण्यात उतरू देऊ नका. फेदचेंकोने हे चक्र पाहिलं १८७० मध्ये आणि भारतातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला १९९६ मध्ये. मध्ये सव्वाशे वर्षं गेली. या सव्वाशे वर्षांत ज्ञान कमी पडलं नाही. मग काय कमी पडलं?

मुंबईचं उदाहरण घ्या. मुंबई बेटावर एके काळी नारू सर्रास होता. १८६० मध्ये विहारचं पाणी आलं, १८९२ मध्ये तानसाचं आलं, तरी शेकडो विहिरी उघड्याच होत्या. पुढे डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाची चौकशी केली आणि विहिरींत वाढणारा डास त्याचं मूळ असल्याचं दाखवलं. तेव्हा १९११ नंतर विहिरी बुजवायला, झाकायला सुरुवात झाली. विरोध झाला. पारशी आणि हिंदू, दोघांच्याही धर्मभावना विहिरीच्या पाण्यात गुंतलेल्या होत्या. पण शहरात दबाव आणणारे साहेब होते, पैसा होता, नळ होता. झाकलेल्या विहिरीत कोणाचा पाय जात नाही, त्यामुळे डासांसाठी केलेलं काम नारूलाही लागू पडलं. शहराला नळ मिळाला म्हणून शहर सुटलं. खेड्याला नळ मिळाला नाही, म्हणून खेडं अडकून राहिलं. रोग तोच होता.

आणि खेड्यातही सगळ्यांना एकच विहीर नव्हती. हे बोलायला आपल्या रायगड जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचं पाणी घ्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्यावर जावं लागलं. त्यानंतर महाडच्या सवर्णांनी दही, दूध, शेण आणि गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून ते तळं 'शुद्ध' करून घेतलं. आरोग्य खात्यात काम केलेला माणूस म्हणून मला या प्रसंगाचा वेगळाच त्रास होतो. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटतं असं मानणाऱ्या समाजाने त्याच पाण्यात शेण ओतलं आणि ते शुद्ध झालं असं मानलं. शुद्धतेची कल्पना आणि आरोग्याची कल्पना यांच्यात इतकं अंतर असेल, तर तिथे सायक्लॉप्सची गोष्ट कोणाला आणि कशी सांगायची? ज्यांना गावच्या विहिरीवर येऊ दिलं जात नव्हतं, ते ओढ्यातल्या झिऱ्याचं, डबक्याचं, पडक्या बारवेच्या तळाचं पाणी पीत होते. रोगाचं ओझं कोणावर जास्त पडलं असेल, याचं उत्तर वेगळं द्यायला नको. दहा वर्षं कोर्टकचेरी झाल्यावर १९३७ मध्ये हायकोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. नारूविरुद्धच्या लढाईचा इतिहास लिहिताना चवदार तळं त्यात यायला हवं, असं मला फार वाटतं. सर्वांसाठी एक पाणवठा, हा पहिला आरोग्य कार्यक्रम होता.

मग आला १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायला गेलेली माणसं, सुकडी, रोजगार हमी, हे सगळं आपण बोलतो. त्याच दुष्काळाने आणखी एक गोष्ट दिली आणि तिच्याबद्दल फार थोडं बोललं जातं. ती म्हणजे हापसा. कठीण काळ्या पाषाणात खोल बोअर घेणारी यंत्रं युनिसेफने आणि मिशनच्या संस्थांनी आणली होती. बोअर पडायचे, पण त्यावर बसवलेले बिडाचे पंप महिन्या-दोन महिन्यांत मोडायचे. एका घराच्या अंगणात वापरायला बनवलेला पंप अख्ख्या गावाने दिवसभर हापसला तर तो टिकणार कसा? मग जालन्यात आणि सोलापुरात, मिशनच्या कार्यशाळांत, मिस्त्रींनी पोलादी, मजबूत, साखळीवर चालणारा पंप घडवला. 'सोलापूर पंप' म्हणून तो ओळखला गेला. त्याच पंपावरून सत्तरच्या दशकाच्या मध्यात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' तयार झाला. आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही तो उभा आहे. जगातल्या सर्वात जास्त चालणाऱ्या हापशाचं मूळ आपल्या दुष्काळी भागात आहे, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवं. हापशाला पायरी नसते. बोअर बंद, पाणी खोलवरचं, वर सिमेंटचा ओटा. नारूचं वर्तुळ तिथेच तुटतं.

१९८१ ते १९९० हे संयुक्त राष्ट्रांनी पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेचं दशक म्हणून ठरवलं होतं. त्याच्या आसपास, १९८३-८४ मध्ये, भारताने राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. दिल्लीची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था तो पाहत होती. १९८४ मध्ये देशात सात राज्यांत, ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गावांत मिळून जवळजवळ चाळीस हजार रुग्ण होते. त्या सात राज्यांत महाराष्ट्र होता.

प्रत्यक्षात काम कसं चालायचं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण अहवालात ते येत नाही. आरोग्य सेवक नारूचं चित्र घेऊन घरोघर जायचा आणि विचारायचा, "असं कुणाला झालंय का?" शाळेतल्या पोरांनाही विचारायचा, आठवडी बाजारातही विचारायचा. पोरं खरं सांगायची. मोठी माणसं लपवायची. काहींना वाटायचं देवीचा कोप आहे, काहींना वाटायचं साहेब पाय कापतील. रुग्ण सापडला की पट्टी बांधायची, त्याला पाण्यात उतरू नको म्हणून सांगायचं, घरच्यांना त्याचं पाणी भरायला लावायचं. मग त्या गावच्या पाणवठ्यात टेमेफॉस टाकायचं. पाण्याच्या दहा लाख भागांत एक भाग. माणसाला त्याचा अपाय नाही, सायक्लॉप्स मरतो. पण ते टाकताना गावकरी भोवती उभे राहून विचारायचे, "हे औषध गुरांना चालतं का?" माणसांआधी गुरांची चौकशी. त्यात मला कधी अडाणीपणा दिसला नाही. बैल मेला तर त्या घराचं वर्ष गेलं, हा त्यांचा हिशोब होता.

पायऱ्या बुजवायचं काम सर्वात जड. कोनाड्यात देव होता, पायऱ्या आजोबांनी बांधलेल्या होत्या, पावसाळ्यात पोरं तिथे पोहायची, बायकांना धुणं धुवायला तीच जागा. आणि हापशाच्या पाण्याबद्दल एकच तक्रार सगळीकडे. "साहेब, हे पाणी मचूळ लागतं. ह्यात डाळ शिजत न्हाई." खरंच शिजत नाही. खोल बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. म्हणून बाया हापशाचं पाणी भांड्याला वापरायच्या आणि स्वयंपाकाला, प्यायला पुन्हा बारवेचं आणायच्या. वरून ठरवलेली योजना डाळीपाशी येऊन थांबायची. ज्या गावात सरपंचाने किंवा एखाद्या शिक्षकाने बायकांना बोलावून, कोणतं पाणी कशाला वापरायचं हे त्यांच्याकडूनच ठरवून घेतलं, तिथे काम झालं. नुसता फलक लावला तिथे फलकच राहिला.

त्यात कापडाने मोठी साथ दिली. पाणी गाळून प्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे. जैन घरांत तर ती धर्मच आहे. हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून पाणी ओतायचं. सायक्लॉप्स दुहेरी विणीच्या कापडातून खाली जात नाही. कार्यक्रमात बारीक जाळीची गाळणी वाटली गेली, पण जिथे ती नव्हती तिथे धुतलेलं धोतर, जुनं लुगडं चाललं. याच कापडाची कसोटी पुढे रिटा कॉलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी बांगलादेशात पटकीसाठी लावली. सायक्लॉप्ससारख्याच बारीक जीवांना पटकीचे जंतू चिकटून राहतात. जुन्या साडीच्या निदान चार घड्या करून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकी ४८ टक्क्यांनी कमी झाली. २००३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. नव्या साडीपेक्षा जुनी साडी बरी, कारण वारंवार धुतल्याने तिची वीण दाट होते.

शेवटी शेवटी, रुग्ण विरळ झाले तसं, नारू कळवणाऱ्याला रोख बक्षीस ठेवलं गेलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातला नारू संपला. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला. तीन वर्षांहून जास्त काळ एकही रुग्ण नाही याची खात्री करून जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २००० मध्ये भारताला नारूमुक्त जाहीर केलं. जगात १९८६ मध्ये पस्तीस लाखांच्या घरात रुग्ण होते. २०२३ मध्ये साऱ्या जगात माणसांमध्ये चौदा रुग्ण सापडले. चाडमध्ये आता कुत्र्यांत नारू निघतो आणि तिथल्या गावांत कुत्री बांधून ठेवायची, माशांची आतडी पुरायची मोहीम चालू आहे. देवीनंतर माणसाचा दुसरा रोग पृथ्वीवरून जाईल तो बहुधा हाच, आणि लशीशिवाय जाणारा पहिला.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण अशा यशाच्या गोष्टी ऐकून आपण लवकर समाधानी होतो. नारू हा त्यातल्या त्यात सोपा शत्रू होता. तो डोळ्यांना दिसायचा. ज्याला झाला त्याला लपवता येत नव्हता. तो विष्ठेवाटे पसरत नव्हता, त्यामुळे एकही संडास न बांधता तो घालवता आला. आजचे परजीवी तसे नाहीत. आमांशाचा अमिबा आणि जिआर्डिया विष्ठेतून पाण्यात येतात. ज्याच्या पोटात ते आहेत त्याला कित्येकदा काही त्रासही होत नाही. तो रोज ऑफिसला जातो, हॉटेलात पदार्थ वाढतो, घरी स्वयंपाक करतो. त्याला शोधायला कोणतं चित्र घेऊन जाणार? शिवाय या जीवांची कवचं क्लोरीनला सहजी दाद देत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम तर जवळजवळ अजिबात देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, शुद्धीकरण केंद्र असताना, क्लोरीन असताना, गाळणीत कसूर झाल्यामुळे सुमारे चार लाख माणसं आजारी पडली. म्हणजे टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली की काम झालं, हा आपला समज बरोबर नाही. नीट गाळणं आधी, क्लोरीन नंतर, आणि शंका असेल तेव्हा पाणी उकळणं.

नवीन पनवेलला पाताळगंगेचं पाणी येतं, जुन्या पनवेलला गाढी नदीवरच्या देहरंग धरणाचंही येतं. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, देशातल्या जुन्यांपैकी. २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. पाणी केंद्रातून निघतं तेव्हा शुद्ध असतं असं मी धरून चालतो. पुढे काय होतं ते बघा. पाणी दिवसात ठरावीक वेळच येतं. पाणी बंद असताना नळी रिकामी होते आणि तिच्यात ओढ निर्माण होते. शेजारून गटार जात असेल आणि नळीला बारीक चीर असेल, तर गटारातलं पाणी आत ओढलं जातं. सकाळी वॉलमनने वॉल्व्ह उघडला की पहिलं येतं ते तेच. म्हणून पहिली पाच मिनिटं पाणी पिण्यासाठी भरू नये, ही आपल्या आयांची सवय शहाणपणाची होती. मग ते पाणी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पडतं. कित्येक इमारतींत ही टाकी आणि मैल्याचा चेंबर यांच्यात दोन-चार फुटांचंच अंतर असतं. झाकण फुटलेलं असतं, पावसाळ्यात अंगणातलं पाणी त्यात उतरतं. वरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडालेलं असतं. मग प्रत्येक घरात पाण्याचं यंत्र बसतं. ज्याला परवडतं तो वाचतो. वॉचमनच्या खोलीत, घरकाम करणाऱ्या बाईच्या चाळीत, ते यंत्र नसतं, आणि आपल्या घरातली भाजी तीच बाई चिरते.

मला इथल्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना नेमकं सांगायचं आहे. टाकी धुतल्याची तारीख आणि पाणी तपासणीचा निकाल जिन्यातल्या फलकावर लावा. खेड्यात हे होतं. ग्रामपंचायतीच्या पाणवठ्यांची पाहणी होऊन गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं आणि सगळ्या गावाला ते कळतं. टीसीएल टाकायला जलसुरक्षक नेमलेला असतो. शहरी सोसायटीत लाखोंचा देखभाल खर्च जमा होतो, पण पाण्याला कार्ड नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या शेजारचा आहे. या सभागृहापासून माथेरानच्या डोंगराकडे निघालं की थोड्या अंतरावर ठाकूर आणि कातकरी वाड्या लागतात. आपलं धरण त्यांच्याच डोंगरांत आहे. एप्रिल-मेमध्ये तिथे बाया ओढ्यात वीत-दोन वीत खड्डा खणून, वाटीने पाणी हंड्यात भरतात. त्या खड्ड्यात पाय असतो, गुरं असतात, वरच्या बाजूला उघड्यावरचा संडास असतो. नारू आता तिथे नाही. बाकीचं सगळं आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशनची घोषणा झाली, प्रत्येक घरी नळ देण्याची. बऱ्याच वाड्यांवर नळ उभा राहिला आहे. पण नळ कोरडा पडला की दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा खड्ड्याकडे जाते, आणि नळाची तोटी मोजणाऱ्या तक्त्यात ती दिसत नाही. पंपाचं वीजबिल कोण भरणार, हापशाचा वॉशर गेला तर तो तालुक्यातून कोण आणणार, शोषखड्डा पाण्यापासून निदान पंधरा मीटर लांब आहे ना हे कोण बघणार, या प्रश्नांची उत्तरं वाडीवर बसूनच मिळतील. व्याख्यानमालेच्या मंडळींनी पुढच्या मार्च महिन्यात, पाणी आटायच्या आधी, एकेका वाडीचा पाणवठा ग्रामसेवकाबरोबर जाऊन पाहावा आणि काय मोडलंय त्याची यादी करावी. एप्रिलमध्ये गेलात तर टँकरच्या रांगेशिवाय काही पाहायला मिळणार नाही. मला बरोबर न्यायचं असेल तर मी येईन. चढ असेल तिथे जरा सावकाश चालावं लागेल, एवढंच.